सारंगांचा पऱ्या

सुलेमान सोलकर बोटीवरची नोकरी संपवून कायमचे रत्नागिरीला आले आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या बायकोने, जन्नतबींनी, हात टेकले.

सुलेमान बोटीवर सारंग होते. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. दोरखंड, नांगर, रंगरंगोटी, डेकची झाडलोट, सगळं त्याच्या हुकमात. घरी हुकूम सोडायला खलाशी नव्हते, म्हणून त्यांनी घरालाच शिस्त लावायला घेतली. आधी दारातल्या चपला ओळीत लागल्या. मग माळ्यावरची पातेली खाली येऊन उंचीप्रमाणे उभी राहिली. शेवटी मसाल्याच्या बरण्यांची पाळी आली, आणि त्या दिवशी तेल तापून धुरावलं तरी जन्नतबींना हळद सापडेना.

"ओ, ऐकताव का?" त्या झारा हातात घेऊनच बाहेर आल्या. "हे घर हाय, बोट नाय. तुमाला डेकच पायजे तर बाहेर कुठंतरी बघा."

सुलेमाननी बाहेर बघितलं. घराच्या मागे कुंपणाचा चिऱ्याचा गडगा होता आणि गडग्यापलीकडे आंबेकोंडीचा पऱ्या.

रत्नागिरी शहर वाढत वाढत सड्याच्या, कातळी पठाराच्या, पायथ्याला भिडलं, तेव्हा ही किनारा कॉलनी उभी राहिली. नावात किनारा असला तरी गच्चीवरूनसुद्धा समुद्र दिसत नसे. दिसायचा तो हा ओहळ, आणि तो कुणाला बघायचा नसायचा. सड्यावरून उतरून, कॉलनीच्या मागून एक वळण घेऊन, रस्त्याखालच्या मोरीतून तो खाडीकडे जायचा. दोन्ही काठांवर रानमोडी आणि घाणेरी माजलेली. त्यात पिशव्या, थर्माकोल, फाटक्या गाद्या, एक फुटका कमोड. लोक गडग्यावरून कचरा भिरकावायचे आणि तो कुठे पडला ते न बघताच वळायचे.

दिवाळी झाली आणि सुलेमान कोयती घेऊन गडग्यापलीकडे उतरले.

थंडीभर ते तिथेच होते. सकाळी नमाज आटोपली की खाली, जेवायला वर, पुन्हा खाली. पिशव्या भरून कचरा बाहेर काढला. रानमोडी कापली, घाणेरी कापली, आणि हात चालू होता म्हणून बाकीचंही सगळं कापलं. पाण्याच्या कडेची झुडपं गेली, निगडी गेली, केवड्याचं भलंमोठं बेट होतं तेही गेलं. केवड्यात साप असतो हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. ते बेट तोडत असताना एक पक्षी समोरच्या काठावरून सारखा ओरडत होता. पाठीवर काळा, तोंडापोटाला पांढराशुभ्र, आखूड शेपटी वरखाली करत इकडून तिकडे धावणारा. "क्वाक, क्वाक, क्वाक," अशी त्याची सकाळभर तक्रार.

"नव्या खलाशासारखा होता बघ," जेवताना त्यांनी जन्नतबींना हसत सांगितलं. "कपडे पांढरे, काम काय नाय, आणि आरडाओरडा केवढा!"

कापलेल्या फांद्यांचे भारे बांधून त्यांनी खालच्या अंगाला, पाण्यालगत रचून ठेवले. पावसात जातील वाहून, असा हिशेब. मग दोन्ही काठांवर धोंड्यांची रांग लावली आणि धोंड्यांना चुना फासला. काम पुरं झालं तेव्हा पऱ्याचे दोन्ही काठ तांबड्या मातीपर्यंत उघडे पडले होते आणि पांढऱ्या धोंड्यांची रांग वळणापर्यंत गेली होती. सुलेमान गच्चीवर उभे राहून बघत आणि त्यांची छाती भरून येई.

हे दाखवायला त्यांनी शेजारच्या दीपालीला बोलावलं. दीपाली ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. नवरा मुंबईत नोकरीला, त्यामुळे तिचं सोलकरांकडे रोजचं येणंजाणं.

"कसं वाटतं?"

"मेहनत खूप घेतलीत चाचा."

"मेहनत राहू दे. दिसतं कसं ते सांग."

"बंदराच्या धक्क्यासारखं दिसतं."

सुलेमान खूश झाले. "तेच तर!"

पण दीपाली हसली नाही. ती काठावरून चालत गेली आणि केवडा होता तिथे थांबली. तिथे आता चार खुंट होते. "इथे पाणकोंबडीची जोडी होती," ती म्हणाली. "दर पावसाळ्यात केवड्याच्या बुडाशी घरटं करायची. काळी काळी पिल्लं आईमागून रांगेत जायची. मी आमच्या खिडकीतून बघायचे."

तो सकाळभराचा क्वाक-क्वाक आत्ता सुलेमानच्या कानांत नीट शिरला. आपण ज्याला आळशी खलाशी म्हणून हसलो, तो आपल्याला त्याच्या घरातून हाकलत होता, हे लक्षात आलं आणि त्यांना एकदम ओशाळल्यासारखं झालं.

"मग आता काय लावू?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. "सांग, उद्याच लावतो."

"उद्या नाही, चाचा. आणि लगेच लावायचंही नाही. या माझ्याबरोबर."

तिने त्यांना वरच्या वळणावर नेलं. कोयती अजून तिथवर पोचली नव्हती. तिथे जुना करंज होता, दोन जांभळी होत्या, आणि पाण्यातल्या खडकांना मुळांनी घट्ट धरून शेरणीची झुडपं उभी होती. "इथलं जुनं जे काही शिल्लक आहे ते इथे आहे. आपण या झाडांच्या पायाखालची रानमोडी तेवढी काढायची. कापायची नाही, मुळासकट उपटायची. थोडीच. मग थांबायचं. इथलं बी जमिनीत आहेच, त्याला जागा आणि ऊन मिळालं की ते आपलं आपण येतं. तेवढं धड झालं की दोन पावलं खाली सरकायचं. सगळं एकदम उघडं केलं की पहिली रानमोडीच परत येते."

"म्हणजे गंजासारखं," सुलेमान म्हणाले.

"कसल्या?"

"बोटीच्या गंजासारखं गं. नवा सारंग पुढच्या नाळेपासून खरवडत निघतो. मागच्या टोकाला पोचेपर्यंत पुढं पुन्हा गंज. जुना सारंग काय करतो, जो पत्रा धड हाय तो आधी राखतो, मग त्याच्या कडेनं सरकतो." त्यांनी मान हलवली. "हे मला ठाऊक होतं. मातीला लावायचं सुचलं नाय."

काम सुरू झालं, पण सुलेमानना धीर निघेना. रविवारी सकाळी दीपाली यायची, दोघं गुडघ्यांवर बसून रानमोडीची रोपं उपटायचे, आणि उन्हं चढली की ती हात धुऊन उठायची.

"एवढंच?"

"एवढंच. बाकीचं पुढच्या रविवारी."

"अगं, एवढ्या वेळात मी अख्खी बोट धुऊन काढायचो!"

"बोट उगवत नाही, चाचा."

त्यांनी केवड्याचे फुटवे तेवढे आणून लावले. ते लावायला दीपालीनेही हरकत घेतली नाही.

मग पावसाळा आला, आणि श्रावणाच्या तोंडावर एका सकाळी पाणी काशीरामांच्या गिरणीत शिरलं.

काशीराम लांज्याकडचे, पण कॉलनीत येऊन जमाना झालेला. मोरीजवळ, सगळ्यांत सखल जागेत त्यांचं घर. पुढच्या खोलीत पिठाची गिरण. कॉलनीतल्या सगळ्या भाकऱ्या आणि घावणे त्यांच्या जात्यातून यायचे. त्या दिवशी तांदळाची पोती भिजली, मोटर बुडाली आणि गणपतीपर्यंत गिरण बंद राहिली.

"झाडं लावली म्हणून पऱ्या अडला," काशीराम भर रस्त्यात म्हणाले. "जल्लं मेलं, इतकी वर्षं पाणी कधी उंबऱ्याला लागलं नव्हतं. सुलेमानभायनी केवडा लावला आणि पाणी माझ्या घरात घातलं!"

"वीतभर केवडा पाणी अडवतो होय?" सुलेमानही चिडले. "काय वाट्टेल ते बोलू नका."

त्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. बायकांचं मात्र चालू राहिलं. जन्नतबी दळण घेऊन काशीरामांच्या बायकोकडे, यमुनाबाईंकडे जात, आणि दळण होईस्तोवर दोघी आपापल्या नवऱ्यांचे गुण मोजत.

पावसाळा सरला. उघड्या काठाची बरीच माती वाहून गेली होती, चुन्याचे धोंडेही कुठे दिसेनात. पण वरच्या वळणावर दीपाली म्हणाली तसं झालं. करंजाखाली करंजाची रोपं आली, जांभळीखाली जांभळीची, आणि कुणी न लावलेली नाना तऱ्हेची हिरवळ. थंडीत एका सकाळी केवड्याच्या नव्या पात्यांआडून एक पांढरं तोंड बाहेर डोकावलं, इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि आत गेलं. सुलेमान गडग्यावर होते तिथेच बसून राहिले. जन्नतबींनी न्याहारीला दोनदा हाक मारली तेव्हा त्यांनी नुसतं बोट ओठांवर ठेवलं.

मे महिन्यात, आंब्यांची गडबड चालू असताना, कॉलनीत जेसीबी आला.

काशीरामांनी पुरापासून नगरपालिकेकडे खटपट करून तो मिळवला होता. पऱ्या सरळ करायचा, काठ तासायचे, तळ खणायचा, असं ठरवून आलेला. चालवणारा अजिंक्य नावाचा खेडकडचा तरुण. त्याने यंत्र पऱ्याच्या वरच्या वाटेला वळवलं, तर पुढ्यात सुलेमान. पाय फाकून, हात मागे बांधून, वादळात डेकवर उभे राहावं तसे.

"काका, बाजूला व्हा."

"नाय."

"मला काम सांगितलंय ओ."

"तुला सांगितलंय, मला नाय सांगितलं."

गडबड ऐकून काशीराम आले, दीपाली आली, सगळी कॉलनी गोळा झाली. "बघा, बघा!" काशीराम म्हणाले. "एका पाखरासाठी माणसाचं घर बुडवायला निघालेत!"

सुलेमान उलट काही बोलणार, इतक्यात जन्नतबी कोकम सरबताचा जग घेऊन आल्या. त्यांनी पहिला पेला अजिंक्यला दिला. "उतर रे बाबा खाली. ऊन केवढं हाय. इंजिन बंद कर, तापेल."

अजिंक्य उतरला. त्याला दुसरा पेला मिळाला, मग आंब्याची फोड. तो पायरीवर सावलीला टेकला आणि उठायचं नाव घेईना. जन्नतबींनी मग उरलेले दोन पेले भरले, एक काशीरामांच्या हातात दिला, एक नवऱ्याच्या.

"भावजी," त्या काशीरामांना म्हणाल्या, "पाणी तुमच्या घरात आलं, ते खोटं नाय. पण आलं कुठनं ते तुम्ही बघितलंत?"

"पऱ्यातनंच आलं की."

"वरनं आलं, का खालनं तुंबून आलं?"

काशीराम पेला तोंडाशी नेता नेता थांबले. पुराच्या वेळी ते पोती उचलत होते. पाणी कुठून चढतंय ते बघायला कुणाला सवड होती! यमुनाबाई मागून म्हणाल्या, "मी बघितलं. मोरीकडनं आलं. उलटं."

"मग मोरी बघूया," दीपाली म्हणाली. "आता पाणी नाही, आत दिसेल."

सगळी वरात मोरीकडे निघाली. पुढे काशीराम, मागे सुलेमान, मध्ये अंतर राखून. मोरीचा नळ तसा माणूस वाकून जाईल एवढा, पण तोंडातून हात घालायलाही जागा नव्हती. गाळ, काटक्या, पिशव्या असा घट्ट बूच. अजिंक्यने जेसीबी रस्त्यावरून आणला, बकेट खाली सोडली आणि ओढलं.

आधी गादी आली. मग कुठल्यातरी जुन्या फलकाची लोखंडी चौकट. मग काळ्या पडलेल्या फांद्यांचा एक भारा, पाठोपाठ दुसरा, तिसरा. भारे कुजले होते, पण बांधलेले तसेच होते. नायलॉनच्या दोरीने, दोन फेरे आणि वर एक गाठ. ती गाठ सुलेमाननी लांबूनच ओळखली. सारंगाची गाठ होती ती, पुराच्या पाण्यानेही सुटली नव्हती. भाऱ्यांमागून धोंडे घरंगळत आले. एका धोंड्याच्या खाचेत अजून चुना होता.

सुलेमान गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. गादीकडे बोट दाखवून मोकळं होता आलं असतं. पण त्यांनी एक भारा उचलला आणि काशीरामांच्या पुढ्यात आणून ठेवला.

"हे माझं हाय," ते म्हणाले. "मी कापलं, मीच बांधून पऱ्याच्या कडेला ठेवलं. पावसात जाईल म्हटलं. ते गेलं आणि इथं अडकलं. तुमची गिरण केवड्यानं नाय बुडवली, मी बुडवली."

काशीरामांनी भारा बघितला, गाठ बघितली, ती सोडवायचा प्रयत्न केला. सुटेना. पुन्हा केला.

"आयला, सुलेमानभाय," ते शेवटी म्हणाले, "गाठ मात्र काय मारलीय!"

आधी यमुनाबाई हसल्या, मग सगळेच. काशीराम हसू दाबायला गेले, ते जमलं नाही, तेव्हा रागावल्यासारखं करून म्हणाले, "हसताव काय? पोती भिजली माझी!" आणि मग तेही हसत सुटले.

दुपारपर्यंत मोरी आरपार मोकळी झाली. एका बाजूने वाकलं की पलीकडचा उजेड दिसायला लागला. जेसीबी पऱ्यात उतरलाच नाही. अजिंक्यने कॉलनीच्या सगळ्या बाजूने कचरा उचलून दिला, फुटका कमोडसुद्धा, आणि जाताना जन्नतबींकडून आंब्यांची पिशवी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सुलेमान बोलावल्याशिवाय गिरणीत हजर झाले. बरोबर दोरखंड आणि कप्प्या. "मोटर वर घेऊ या," त्यांनी सांगितलं. चिऱ्यांचा चौथरा बांधायला दोघांना आठवडा लागला. मग तुळईला कप्पी बांधून त्यांनी ती जड मोटर अशी अलगद वर घेतली, की काशीरामांना नुसता हात लावायचं काम उरलं. वर्षभराचं साचलेलं बोलणं त्या आठवड्यात झालं. सड्यावरच्या गुरांपासून ते सिंगापूरच्या धक्क्यापर्यंत कुठलाच विषय सुटला नाही. रविवारी काशीराम रानमोडी उपटायला आले आणि दीपालीने उठायची वेळ झाली म्हटल्यावर तेही म्हणाले, "एवढंच?"

जून सरत आला तसा पाऊस जोरात लागला. एका दुपारी पऱ्या दोन्ही काठ भरून वाहत होता. सुलेमान आणि काशीराम छत्र्या घेऊन मोरीवर उभे होते, पाणी बघत. मोरी ते घटाघटा गिळत होती. काशीरामांचा उंबरठा कोरडा होता. काठावरची नवी झुडपं पाण्यात आडवी होत होती आणि पुन्हा उठत होती, माती सोडत नव्हती.

"सुलेमानभाय," काशीराम एकदम म्हणाले, "खाली बघा."

मोरीच्या तोंडाशी पाण्यात काहीतरी चमकलं. पुन्हा चमकलं. मग एक बोटभर चांदी पाण्याबाहेर उडाली आणि प्रवाहाच्या उलट, मोरीत शिरली. तिच्यामागे दुसरी.

"चढणीचे मासे!"

पावसात खाडीकडून, खालच्या नदीतून मासे अंडी घालायला असे वर चढतात. आंबेकोंडीच्या पऱ्यात ते कुणी कित्येक वर्षांत बघितले नव्हते. कचऱ्याने मोरी कधीपासून अर्धीअधिक तुंबलेली, तर चढणार कुठून? काशीराम धावत घरी गेले आणि कोनाड्यातला पाग, फेकायचं जाळं, घेऊन आले. बातमी वाऱ्यासारखी पसरली होती. कुणी टोपली आणली, कुणी नुसती ओढणी.

सुलेमानच्या तोंडाला पाणी सुटलं. समुद्रातली मासेमारी पावसाळ्यापुरती बंद होती, घरी रोज सुकट आणि सुका बांगडा चाललेला. ताजा मासा, तोही गाबोळीने भरलेला! दीपाली पलीकडच्या काठावर भिजत उभी होती. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"काशीराम," सुलेमान अगदी जड आवाजात म्हणाले, "पाग नका टाकू."

"हां?"

"पोटात अंडी हायत त्यांच्या. आज खाल्ले तर पुढल्या साली येणार कोण? एवढी मोरी मोकळी केली ती कशाला?"

"सुलेमानभाय, तुम्ही सांगताव हे? तुम्ही?"

"मीच सांगतोय. आणि मला किती जड जातंय ते अल्लाला ठाऊक."

काशीराम पाग हातात धरून बराच वेळ उभे राहिले. एक चांगला जाडजूड मासा त्यांच्या पायाजवळून उडी मारून गेला. त्यांनी डोळे मिटले, पाग गुंडाळून काखेत घातला, आणि टोपल्या घेऊन आलेल्यांकडे वळून ओरडले, "काय बघताव? बाळंतपणाला चाललेत ते! वाट द्या!"

लोक हसले, पण मागे सरले. कुणी काठाकाठाने माशांबरोबर वर चालू लागलं आणि मग सगळेच निघाले. केवड्याजवळून, शेरणीच्या मुळांमधून, मासे अडखळत, उसळत वळणाकडे गेले. केवड्यातून "क्वाक" असा एकच वैतागलेला आवाज आला. दीपालीने सगळ्यांना लांबूनच जायची खूण केली. आत पाणकोंबडी अंड्यांवर बसली होती.

करंजाखाली पाणी संथ होतं. तिथे मासे थांबले, आणि त्यांच्या चंदेरी पाठी तेवढ्या पावसाच्या थेंबांखाली हलत राहिल्या. वरून सोलकरांच्या गच्चीवरून जन्नतबींची हाक आली, "ओ, चढणीचे मासे आलेत म्हणतात! मसाला वाटून ठेवलाय!"

सुलेमान आणि काशीराम एकमेकांकडे बघू लागले.

"तुम्ही सांगा," सुलेमान म्हणाले.

"बायको तुमची. तुम्ही सांगा."

शेवटी त्या मसाल्यात सुक्या कोलंबीचे सोडे घातले गेले. दीपाली आणि यमुनाबाईही जेवायला आल्या. काशीरामांनी तीन वेळा वाढून घेतलं आणि प्रत्येक घासाला म्हणाले, की छान आहे, पण तो जाडजूड मासा असता तर.